विंचवाचे विष, संप्रेरके आणि एक वायू

वाशीम जिल्ह्यातले केनवड असो की कोकणातले महाड, खेड्यात विंचू चावणे नवलाचे नाही. तुराट्या-पऱ्हाट्यांचा ढीग हलवताना, दगड उचलताना, अंधारात चप्पल पायात सरकवताना नांगी बसते. मग कोणीतरी विंचू ‘उतरवतो’, ठणका थांबतो आणि घरचे निर्धास्त होतात. लाल विंचवाच्या बाबतीत हेच निर्धास्तपण जिवावर बेतू शकते. असे का, हे कळण्यासाठी आपल्याला पेशीच्या दारापर्यंत जावे लागेल.

सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, पेशीच्या पटलातून सहज आरपार जात नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. त्यांना आयन-वाहिन्या म्हणतात. चेतापेशीतील सोडियमचे दार उघडले की संदेश निघतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या अवधीत ते मिटते. लाल विंचवाच्या विषामुळे ते वेळेवर मिटत नाही. चेतातंतू संदेश पाठवतच राहतात आणि अधिवृक्क ग्रंथी व अनुकंपी चेतातंतूंची टोके ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचा लोंढा सोडतात.

संकटात आपल्याला सावध करणारी हीच संप्रेरके आता घात करतात. नॉरॲड्रेनॅलिन रोहिणीच्या स्नायुपेशींवरील ‘अल्फा’ ग्राहींना चिकटते, पेशीत कॅल्शियम वाढते आणि स्नायू आकसतो. हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. अरुंद नळ्यांतून रक्त ढकलून हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते.

निरोगी शरीरात या आकसण्याला आवर घालणारा एक वायू आहे, नायट्रिक ऑक्साइड. रोहिणीचे अस्तर तो तयार करते. वायूचा रेणू लहान असल्याने त्याला दार लागत नाही. तो पटलातून थेट स्नायुपेशीत शिरतो. तेथे सुरू झालेल्या रासायनिक साखळीमुळे पोटॅशियमची दारे उघडतात, कॅल्शियमची मिटतात आणि स्नायू सैलावतो. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नवल असे, की पोटॅशियमच्या अशाच एका दाराला बूच लावणारे इबेरिओटॉक्सिन हे द्रव्य लाल विंचवाच्याच विषात सापडले आहे!

महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रुग्ण रात्र-रात्र जवळ बसून पाहिले. संप्रेरक रोखता येत नसेल, तर त्याची चिकटण्याची जागाच अडवावी, या विचाराने त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध वापरले. ते अल्फा ग्राही अडवते. १९८६ साली ‘लॅन्सेट’ने त्यांचे हे काम प्रसिद्ध केले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. फुप्फुसांत पाणी भरलेल्यांना त्यांनी शिरेतून सोडियम नायट्रोप्रुसाइड दिले. त्यातून सुटतो तो नायट्रिक ऑक्साइडच! विंचूदंशावरील प्रतिविष प्राझोसिनच्या जोडीने दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, हेही त्यांनी २०११ साली दाखवले.

आता ‘उतरवण्या’कडे वळू. विष गंभीर भिनलेल्या रुग्णाला दंशाच्या जागी वेदना अनेकदा कमीच असते. म्हणजे ठणका नाही, एवढ्यावरून धोका टळला असे होत नाही. उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, गार हातपाय ही खरी धोक्याची चिन्हे. लहान मुलांना धोका सर्वांत जास्त. अशा वेळी मंत्रात वा झाडपाल्यात वेळ न घालवता रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे. प्राझोसिनने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

पेशीपटलाचा धडा शिकवताना शिक्षकांनी मुलांना जरूर विचारावे: विंचू चावलेल्याचे हात गार का पडतात? ज्या मुलाला याचे उत्तर समजले, ते घरच्यांना मांत्रिकाकडे न जाता दवाखान्याकडे वळवील.