स्लॅबच्या खालची माणसं

ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक, १९६२ च्या सुमाराची. यंत्रांची घरघर चालायची त्या शेडच्या जागी आता काचेच्या कचेऱ्या उठताहेत. एखाद्या कंपनीचं मुख्यालय बांधायला निघालं की बातमीत मजले आणि कोटींचे आकडे येतात. सेंटरिंगवाल्याचं नाव मात्र कुठे येत नाही. खरं तर स्लॅब स्वतःच्या ताकदीवर उभा राहीपर्यंत सगळा भार त्याच्याच कामावर असतो.

स्लॅब भरायच्या दिवशी वर गजबज असते आणि खाली टेकूंचं दाट जंगल. सेंटरिंगचा सुतार एकेका लोखंडी टेकूपाशी थांबतो, हातोडीने हलकेच ठोकतो आणि कान देतो. भार नीट बसलेल्या टेकूचा आवाज भरीव येतो, सैल राहिलेला खडखडतो. मग आट्यांचा नट फिरवून तो टेकू घट्ट केला जातो. ओळंबा लावून तो सरळ आहे ना ते पाहायचं, बुडाशी पक्की फळी आहे ना तेही पाहायचं. नुसत्या मातीवर टेकवलेला टेकू पावसाने खचला, तर वरचा प्लाय झुकतो आणि ओलं काँक्रीट तोल जाईल तिकडे धावतं.

वर फिटर सळया बांधतात. सळईखाली कव्हर ब्लॉक हवेतच, नाहीतर सळई तळाला टेकते आणि पुढे गंज धरते. तेवढ्यात मिक्सर येतात. काँक्रीट मिक्सरमध्ये भरल्यापासून दोन तासांच्या आत उतरवावं, असं भारतीय मानक सांगतं. घोडबंदर रस्त्यावर कोंडी झाली की साइटवरच्या इंजिनिअरचं लक्ष घड्याळावरून हटत नाही. उशीर झाला म्हणून कुणी ड्रममध्ये पाणी ओतायला निघालं, तर त्याला तिथेच अडवावं लागतं. वाढीव पाण्याने काँक्रीट सहज पसरतं, पण त्याची ताकद घटते.

काँक्रीट पडत असताना एक-दोन सुतार खालीच थांबतात. प्लायच्या फटींतून सिमेंटचं पाणी अंगावर टपकत असतं. कुठे प्लाय फुगला, टेकू करकरला, की वर ओरडून पंप थांबवायचा. साइटवरचं सगळ्यात जबाबदारीचं काम हेच, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

यापुढचं काम सबुरीचं. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे, साध्या सिमेंटच्या आणि ४.५ मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस काढायचे नाहीत. गाळा त्याहून मोठा असेल तर १४ दिवस, आणि ६ मीटरहून लांब तुळईखाली २१ दिवस. कचेऱ्यांना मोकळी दालनं लागतात, म्हणजे गाळे मोठे आणि वाट पाहणंही मोठं. ‘सामान लवकर सोडवा, वरच्या मजल्याला लागतंय’ ही घाई मुकादमाने ऐकायची नसते.

घाई नसली तरी धोका असतोच. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकुमला एका चाळीस मजली इमारतीत बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. छतावरचं वॉटरप्रूफिंगचं काम आटोपून ते खाली येत होते.

बांधकामावरच्या या माणसांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. पण मदत मिळते ती नोंदणी झालेल्याला. नोंदणीसाठी वय १८ ते ६० हवं आणि वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. कल्याण-डोंबिवलीच्या नाक्यांवरून रोज नव्या साइटवर जाणाऱ्याकडे हा दाखला जमवायलाच वेळ नसतो. ठेकेदारांनी तो कुणी मागायची वाट न पाहता, हजेरीवहीवरून स्वतः लिहून द्यावा.