विश्लेषण : महागडी पॉवर कॉर्ड लावली की गाणे खरेच चांगले ऐकू येते?

घरात चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी आली, की थोड्याच दिवसांत पुढचा सल्ला मिळतो : सोबत आलेली काळी वायर काढा, ‘चांगली’ पॉवर कॉर्ड घ्या. या कॉर्डची किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. ती लावल्यावर खर्ज भरीव होतो, आवाज स्वच्छ होतो, असा दावा असतो. त्यात तथ्य किती?

कॉर्ड नेमके काय करते?

गाण्याचा सिग्नल पॉवर कॉर्डमधून जातच नाही. तिच्यातून जाते ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज. पारंपरिक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, रेक्टिफायर तिला एका दिशेने वाहायला लावतो आणि मोठे कपॅसिटर ती साठवतात. स्पीकरला मिळणारी ताकद या साठ्यातून येते. शिवाय मीटरपासून सॉकेटपर्यंत कित्येक मीटर साधी वायर भिंतीत असतेच. गच्चीवरच्या टाकीपासूनचा पाइप जुनाच ठेवून शेवटचा नळ तेवढा चांदीचा बसवावा, तसा हा प्रकार.

आकडे काय सांगतात?

०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या दीड मीटर कॉर्डचा जाता-येताचा रोध साधारण ०.०८ ओहम भरतो. अ‍ॅम्प्लिफायरने एक अँपिअर प्रवाह घेतला, तर कॉर्डमध्ये ०.०८ व्होल्ट खर्ची पडतात. प्रवाह झटक्याझटक्याने खेचला जातो, त्यामुळे क्षणभर तो पाच अँपिअरवर गेला असे धरले तरी घट अर्ध्या व्होल्टच्या आतच राहते. शेजारच्या खोलीतला फ्रिज सुरू झाला तरी दाब इतका हलू शकतो.

कानांची परीक्षा कोणी घेतली?

घेतली. अमेरिकेत २००४ मध्ये हौशी श्रोत्यांसमोर साधी कॉर्ड आणि नामांकित कंपनीची महागडी कॉर्ड कोणती लावली आहे ते न सांगता वाजवून दाखवण्यात आली. १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर आली, म्हणजे ४९ टक्के. नाणे उडवूनही एवढेच हाती लागले असते. ज्यांना फरक ‘ऐकू येतो’ ते खोटे बोलतात असे मात्र नाही. काय लावले आहे आणि त्याला किती पैसे मोजले, हे ठाऊक असले की ऐकणे बदलते.

मग कॉर्ड कधी बदलावी?

ती कडक झाली असेल, गरम होत असेल किंवा मागचा कनेक्टर सैल होऊन खरखर येत असेल, तर लगेच. इलेक्ट्रिकच्या दुकानात आयएसआय चिन्ह असलेली, तांब्याची, तीन तारांची कॉर्ड काहीशे रुपयांत मिळते. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेली कॉर्ड अ‍ॅडॅप्टर लावून वापरू नये. तिचा प्लग सहसा १२५ व्होल्टसाठीच असतो.

स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर दोष बहुधा कॉर्डचा नसतो. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स एका सॉकेटवर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर असला, की दोन अर्थिंगमध्ये वळसा तयार होतो आणि ही घरघर शिरते. सगळी उपकरणे एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, सिग्नलच्या वायरी पॉवर कॉर्डपासून लांब ठेवा. काही जण अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. घरघर थांबते, पण आत बिघाड झाला तर धातूच्या पेटीवर २३० व्होल्ट उतरू शकतात. हे कधीही करू नये.

घरी कसे तपासाल?

कॉर्ड बदलण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवा. कोणती लावायची ते त्याने दरवेळी नाणे उडवून ठरवावे, तुम्ही पाठ करून बसा. आवाजाच्या बटणाला हात नको, कारण किंचित मोठा आवाजही ‘चांगला’ वाटतो. १६ फेऱ्यांत किमान १२ उत्तरे बरोबर आली, तर फरकाची दखल घ्यावी. नुसत्या अंदाजाने तसे होण्याची शक्यता सुमारे ४ टक्केच असते. कॉर्ड परत करायची मुदत संपण्याआधी हे उरकलेले बरे.