कुलाब्याला ७३, सांताक्रूझला ९४४

२६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत भरला ७३ मिलिमीटर. दोन ठिकाणांमधले अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. मुंबईत चारशेहून अधिक माणसे त्या पुरात दगावली. सागर आणि वातावरण यांचा एकत्र अभ्यास कशासाठी करायचा, हे वर्गात सांगायचे तर उपनगरांतल्या शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

आधी एक गणित करू. एक चौरस किलोमीटर जमिनीवर ९४४ मिलिमीटर पाऊस म्हणजे ९ लाख ४४ हजार घनमीटर, अर्थात सुमारे ९४ कोटी लिटर पाणी. हे पाणी काही तासांपूर्वी बाष्परूपात हवेत होते. एक किलोग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल सुप्त उष्णता बाहेर पडते. गुणाकार करून ज्यूलचे विजेच्या बिलातल्या युनिटांत रूपांतर केले, तर उत्तर ६५ कोटी युनिटांच्या आसपास येते. महिन्याला दोनशे युनिटे वापरणाऱ्या पावणेतीन लाख घरांना ती वर्षभर पुरतील. आणि ही झाली एकाच चौरस किलोमीटरची गोष्ट!

ही उष्णता आली कोठून? बाष्पीभवन होताना ती समुद्राने दिली. पावसाळ्यापूर्वी अरबी समुद्राचा पृष्ठभाग २८ अंश सेल्सिअसच्याही वर तापतो. सोमालियाच्या बाजूने येणारे वेगवान वारे त्यावरून वाहत येताना बाष्प उचलतात. ढगात बाष्पाचे पाणी झाले की ती उष्णता सुटते, हवा आणखी तापून वर चढते आणि तिच्या जागी खालून नवी ओली हवा ओढली जाते. त्यामुळे एकदा उंच वाढलेला ढग स्वतःलाच खाद्य पुरवतो. असा ढगांचा समूह उपनगरांवर ठाण मांडून बसला आणि दक्षिण टोक त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

त्या काळी अंदाजासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक संगणकीय प्रारूपांतल्या चौकटी पन्नास-शंभर किलोमीटरच्या होत्या. कुलाबा आणि सांताक्रूझ एकाच चौकटीत! अशा प्रारूपाला हा फरक दिसणार कसा? मुंबईत तेव्हा डॉपलर रडारही नव्हते. पुढे कुलाब्याला ते आले आणि २०२२ साली अंधेरी-जोगेश्वरीजवळ वेरावली येथे दुसरे सुरू झाले.

त्या दिवशी समुद्राने आणखी एक भूमिका बजावली. पौर्णिमा २१ जुलैला होऊन गेली होती. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि पुढे रोज साधारण पाऊण तास उशिरा, हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब. पाच दिवसांचे पावणेचार तास. त्या दिवशी भरती खरोखरच चारच्या सुमारास होती. विहार-पवईकडून येणारी मिठी नदी माहीमच्या खाडीत रिकामी होते. पण खाडीच भरलेली असेल तर नदी जाणार कोठे?

आता अभ्यासक्रमाकडे. पाणी आणि हवा दोन्ही प्रवाही. फिरत्या पृथ्वीवर त्यांची गती ठरवणारी समीकरणे मुळात एकच आहेत, म्हणून विद्यापीठांत हे विषय शेजारी शेजारी शिकवले जातात. या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलांनी बारावीला गणित सोडू नये, हे आम्ही आग्रहाने सांगू. समुद्राची आवड आहे म्हणून केवळ जीवशास्त्र घेतलेली मुले सागरी जीवशास्त्राकडे जाऊ शकतात, पण प्रवाह, लाटा आणि मान्सून यांचे दार त्यांना बरेचसे बंद होते. (‘मरीन’ म्हटले की बोटीवरची नोकरी, असा पालकांचा समज असतो. तोही दूर करावा लागतो.)

भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन बी.एस्सी. झाल्यावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागाचा, किंवा कोचीन विद्यापीठातील सागरविज्ञान आणि हवामानशास्त्राचा विचार करता येतो. गोवा विद्यापीठातही सागरी विज्ञान शिकवले जाते आणि जवळच दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिचे एक प्रादेशिक केंद्र अंधेरीतच आहे. पवईच्या आय.आय.टी.त हवामानबदलावर संशोधन चालते.

वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेविषयी मात्र गैरसमज फार. ती १९६१ पासूनची, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ. पण तेथे बारावीनंतर प्रवेश नाही. शिक्षण पदव्युत्तर आहे आणि एम.एफ.एस्सी.साठी सामान्यतः मत्स्यविज्ञानाची पदवी लागते. ती घ्यायला अंधेरीच्या मुलाला आधी रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी जावे लागेल, मग घराशेजारच्या संस्थेत परतता येईल.

तोवर शाळेत करण्याजोगे काम आहे. सरळ उभ्या बाजूंचा डबा गच्चीवर, भिंती-झाडांपासून दूर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून डबा रिकामा करा. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड येथील चार शाळांनी एका पावसाळ्याच्या नोंदी एकाच तक्त्यात मांडल्या, तर शेजारच्या दोन रकान्यांत किती तफावत पडते ते मुलांना स्वतःच्या अक्षरात वाचता येईल.