मरिना आली तर गाळ कोण उपसणार?

किनाऱ्यावर मरिना होणार अशी बातमी आली की बाजारपेठेत दोन प्रकारच्या चर्चा सुरू होतात. जमिनीचे दलाल भावाचे बोलतात आणि मच्छीमार जाळ्याचे. आपला कारागीर आणि छोटा व्यापारी मात्र मधल्यामध्ये असतो. मरिना म्हणजे श्रीमंतांच्या खाजगी नौका, यॉट वगैरे उभ्या करण्याचा बंदिस्त तळ. तिथे सुतारकाम, फायबरकाम, इंजिनदुरुस्ती, रंगकाम, शिडांची शिलाई, हॉटेलांना मासळी-मटण-फळांचा पुरवठा अशी बरीच कामे निघू शकतात. म्हणून आपल्या माणसाला आशा वाटते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु माल उधारीवर देण्यापूर्वी किंवा गाळा बुक करण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. खाडीतला गाळ दरवर्षी कोण उपसणार, आणि कोणाच्या पैशाने?

या प्रश्नाचे महत्त्व ऑस्ट्रेलियातील पोर्ट हिंचिनब्रुकच्या हकिकतीवरून कळते.

निसर्गरम्य जागा, मोठा उद्योगपती

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात कार्डवेल नावाचे छोटे गाव आहे. समोर डोंगराळ, जंगलाने भरलेले हिंचिनब्रुक बेट. मधल्या सामुद्रधुनीत तिवरांची वने आणि समुद्री गवताची कुरणे. या गवतावर ड्युगाँग हा दुर्मिळ प्राणी चरतो. शेजारचा ग्रेट बॅरिअर रीफ हा प्रवाळपट्टा १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

कार्डवेलजवळच्या ऑयस्टर पॉइंटवर १९८० च्या दशकात एका कंपनीने पर्यटन प्रकल्प सुरू केला आणि तो अर्धवट सोडून ती बुडाली. पुढे कीथ विल्यम्स यांनी ती जागा घेतली. सी वर्ल्ड आणि हॅमिल्टन बेटाचा विकास त्यांच्याच नावावर होता, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला. मरिना, कालव्याकाठची घरे, हॉटेल आणि गावाला रोजगार असा बेत होता.

१९९४ मध्ये किनाऱ्यावरची तिवरे तोडली गेली. ओरड झाल्यावर केंद्रीय पर्यावरणमंत्री जॉन फॉकनर यांनी काम थांबवले. १९९६ मध्ये सरकार बदलले आणि नवे मंत्री रॉबर्ट हिल यांनी परवानगी दिली. पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली, पण १९९७ मध्ये हरली. मरिना झाली, नौका आल्या, घरे विकली गेली, गावात पैसाही आला.

निसर्गाने हिशेब मागितला

त्या किनाऱ्याचा स्वभावच गाळाचा. मरिनाकडे येणारा पाण्याचा मार्ग भरू लागला आणि ओहोटीला नौकांची ये-जा अवघड झाली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी यासी चक्रीवादळ आले आणि मरिनातल्या नौका एकावर एक ढिगासारख्या रचल्या गेल्या. त्याच वर्षी विल्यम्स वारले. २०१३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. पाण्याचा मार्ग कोणी उपसायचा, सांडपाण्याची यंत्रणा कोणी चालवायची, हे वाद घरमालक, स्थानिक कौन्सिल आणि राज्य सरकार यांच्यात वर्षानुवर्षे चालू राहिले. यॉटवाला नौका घेऊन दुसऱ्या बंदरात जाऊ शकतो. गावात दुकान आणि घर असलेल्याला जाता येत नाही.

आपल्या किनाऱ्यासाठी धडा

कोकणच्या खाड्या पावसाळ्यात किती गाळ आणतात हे आपल्याला कोणी सांगायला नको. राजापूर एकेकाळी परदेशी व्यापाराचे बंदर होते. इंग्रजांची वखार तिथे होती. खाडी गाळाने भरली आणि जहाजे शहरापर्यंत येईनाशी झाली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-मुरूड भागाचे झालेले नुकसान तर ताजेच आहे. तिवरे माती धरून ठेवतात आणि लाटांचा जोर मोडतात. ती तोडली की पर्यावरणाबरोबर धंद्याचेही संरक्षण जाते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यातील तिवरे तोडण्यास मनाई केली असून भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम रोखले आहे.

अशा प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर आपल्या लोकांनी घरी बसू नये. २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. तो वाचावा. गाळ उपसण्याचा वार्षिक खर्च, उपसलेला गाळ टाकण्याची जागा, मच्छीमारांचा मार्ग आणि कंपनी बुडाल्यास पर्यायी व्यवस्था, हे चार मुद्दे लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी.

उधारी सांभाळा

कंपनी बुडाली की २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार प्रक्रियेचा खर्च, कामगारांचे वेतन आणि तारण घेतलेल्या बँका यांचा हक्क पुढे असतो. माल उधार दिलेल्याचा क्रमांक खाली लागतो. म्हणून कारागिरांनी आणि छोट्या कारखानदारांनी उद्यम नोंदणी आधीच करून घ्यावी. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकवावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याजाची तरतूद आहे. व्याज आपल्याला घ्यायचे नसले तरी मुद्दल वेळेत मागण्याचा हक्क सोडू नये. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र या तरतुदीचे संरक्षण नाही. त्याने आगाऊ रक्कम घेऊनच माल द्यावा.

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, हा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. पाण्यातला मासा पकडण्याआधी विकणे हे फिकहमध्ये गररचे, म्हणजे धोक्याच्या अनिश्चित सौद्याचे, उदाहरण मानले जाते. न खोदलेल्या कालव्याकाठचा गाळा केवळ नकाशा पाहून घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

मरिना नकोच, असा आमचा आग्रह नाही. कारागिराच्या हाताला काम मिळाले तर आनंदच आहे. मात्र गाळाचा खर्च कोण सोसणार हे कागदावर आल्याशिवाय आपली पुंजी त्या पाण्यात उतरवू नये.