स्वतंत्र उगम आणि परतंत्र उगम

एखाद्या जमीनमालकानें आपलें एक शेत खंडानें दिलें आणि दुसरें बटाईनें दिलें, असें समजावें. खंड वर्षाला १० मण ठरला आहे; बटाईचा करार निम्म्याचा आहे. ज्या वर्षीं दोन्ही शेतांत २०-२० मण धान्य पिकतें, त्या वर्षीं मालकाच्या घरीं दोन्हींकडून १०-१० मणच येतात. केवळ त्या वर्षाची वही पाहणारास दोन्ही करार एकच वाटतील. परंतु पुढील वर्षीं पाऊस ओढ घेतो, पीक १२ मणांवर येतें, आणि करारांतील भेद उघडा पडतो. खंडाचे १० मण द्यावेच लागतात. बटाईचे मात्र सहाच होतात. विद्युन्मंडलांचें गणित करणारांस स्वतंत्र उगम व परतंत्र उगम यांमध्यें जो भेद करावा लागतो, तो नेमका याच जातीचा आहे.

ज्या उगमाचा दाब किंवा प्रवाह मंडलांत इतरत्र कांहींही घडलें तरी बदलत नाहीं, तो स्वतंत्र उगम. उत्तम बॅटरी हें त्याचें जवळचें उदाहरण होय. उलट, ज्याचा दाब किंवा प्रवाह मंडलांतील दुसऱ्या एखाद्या दाबाच्या वा प्रवाहाच्या ठराविक पटींत असतो, तो परतंत्र उगम. हुकूम देणारी राशि दाब किंवा प्रवाह, आणि हुकूम पाळणारी राशिही दाब किंवा प्रवाह. अशा रीतीनें परतंत्र उगमांचे चार प्रकार होतात.

एका साध्या मंडलावर ही गोष्ट पडताळून पाहतां येते. १२ व्होल्टची बॅटरी, एकंदर ३ ओहम रोध, आणि बॅटरीच्या विरुद्ध दिशेनें जोडलेला ६ व्होल्टचा दुसरा उगम, इतकेंच त्यांत आहे. बाकी राहिलेला ६ व्होल्ट दाब ३ ओहम रोधांतून २ अँपियर प्रवाह वाहवितो. आतां तो दुसरा उगम काढून त्याच्या जागीं परतंत्र उगम बसवावा. त्याचा विरोधी दाब प्रवाहाच्या तिप्पट, म्हणजे दर अँपियरमागें ३ व्होल्ट, असा ठेवावा. प्रवाह २ अँपियर असतां तो ६ व्होल्टच देतो. मंडलांत कोठेंही मोजमाप केलें तरी अदलाबदल झाल्याचा पत्ता लागत नाहीं.

पत्ता लागतो तो बॅटरी बदलल्यावर. ती १५ व्होल्टची केली, तर स्वतंत्र उगम असलेल्या मंडलांत ९ व्होल्ट उरतात व प्रवाह ३ अँपियर होतो. परतंत्र उगम मात्र वाढत्या प्रवाहाबरोबर आपला विरोधही वाढवितो. तेथें प्रवाह अडीच अँपियरवर थांबतो आणि उगमाचा दाब साडेसात व्होल्ट होतो. बॅटरीच्या दृष्टीनें हा उगम म्हणजे आणखी ३ ओहमचा रोधच झाला. त्याची दिशा उलटी केली, तर तो रोध वाढविण्याऐवजीं घटवितो. दर अँपियरमागें १ व्होल्ट साहाय्य मिळालें, तर ३ ओहमचे २ ओहम उरतात. ३ व्होल्ट मिळालें, तर रोध शून्यावर येतो आणि गणितांत प्रवाहाला मर्यादाच राहत नाहीं. सभागृहांतील ध्वनिक्षेपक अकस्मात् किंचाळूं लागतो, त्याचें मूळ अशाच आत्मसाहाय्यांत असतें.

यावरून विद्यार्थ्यांच्या नेहमींच्या एका चुकीचा उलगडा होतो. मंडलाचा अंतर्गत रोध काढतांना सर्व उगम निष्क्रिय करावे, दाबाचे उगम तारेनें जोडून टाकावे व प्रवाहाचे उगम तोडावे, असा नियम शिकविला जातो. तो खरा आहे, पण स्वतंत्र उगमांपुरताच. वरील मंडलांत परतंत्र उगमही मारून टाकला, तर रोध ३ ओहम निघतो. खरा रोध ६ ओहम आहे. परतंत्र उगमाला मालकाचा हुकूम थांबला म्हणजेच थांबतां येतें. हुकूम चालू असतां त्याला गप्प बसविणें म्हणजे मंडलाचा स्वभावच बदलणें होय. म्हणून अशा ठिकाणीं स्वतंत्र उगम तेवढे निष्क्रिय करून बाहेरून १ व्होल्टचा परीक्षक दाब लावावा, आणि आंत किती प्रवाह शिरतो तें पाहावें. येथें १/६ अँपियर शिरतो. म्हणून रोध ६ ओहम. विद्युन्मंडलांतील प्रवाहांची बेरीज एकेक उगम घेऊन करतांनाही हेंच पथ्य पाळावें लागतें.

ही केवळ कागदावरची कसरत नव्हे. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्टनें निर्वात नळींत तिसरें अग्र म्हणून जाळी बसविली. जाळीवरील अल्प दाबानें प्लेटचा प्रवाह हालूं लागला, आणि यंत्रशास्त्रज्ञांच्या हातीं खराखुरा परतंत्र उगम आला. सन १९१५ मध्यें न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को यांच्यामधील दूरध्वनि-मार्ग सुरू झाला, तो वाटेंत क्षीण होणारा आवाज अशा नळ्यांनीं वाढविल्यामुळेंच.

अशा नळीचा गुणक १९, अंतर्गत रोध १०,००० ओहम आणि बाहेरील भार ४०,००० ओहम असेल, तर ती जाळीवरील दाब १५.२ पटींनीं वाढविते. आतां कॅथोडच्या वाटेंत २,५०० ओहमचा रोध घातला, तर त्यावर पडणारा दाब जाळीच्या दाबांतून वजा होतो. उगमाला मिळणारा हुकूमच कमी होतो. परिणामीं तो रोध २० पट, म्हणजे ५०,००० ओहम, भासतो आणि वाढ निम्मी, ७.६ पट, होते. उगम स्वतंत्र मानून मारून टाकणाराच्या हिशेबांत मात्र हा रोध २,५०० ओहमच राहील.

वाढ निम्मी होणें हा तोटाच दिसतो. परंतु १९२७ सालच्या २ ऑगस्ट रोजीं, हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेंत कामावर जात असतां, बेल प्रयोगशाळेच्या हॅरोल्ड ब्लॅकला त्यांतील नफा दिसला. वर्तमानपत्राच्या पानावरच त्यानें आकृति काढली. वाढीचा कांहीं भाग सोडून दिला, तर नळी जुनी झाली किंवा तिच्यांत दोष असला तरी त्याचा परिणाम फारच कमी होतो. लांब मार्गावर एकापुढें एक अनेक प्रवर्धक असतां प्रत्येकाचा दोष पुढच्यांत सांचत जातो. म्हणून ही काटकसर अमोल ठरली. दोषरहित नळी मिळविण्यापेक्षां दोष आपोआप वजा करणारी रचना अधिक सोपी निघाली.

१९४७ च्या डिसेंबरांत ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि नळीचें बहुतेक राज्य संपलें. पण गणित बदललें नाहीं. एका अग्राचा हुकूम व दुसऱ्याचें पालन हेंच नातें तेथेंही आहे, आणि आजचीं असंख्य उपकरणें याच नात्यावर चालतात. तेव्हां मंडलांत कोठें ६ व्होल्ट दिसले, तर ते किती आहेत एवढेंच विचारून भागत नाहीं; ते कोणाच्या हुकमानें आहेत, हेंही विचारावें लागतें. चांगल्या वर्षाची वही पाहून करार ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं पाऊस कमी-अधिक झालेलें वर्षच पाहावें लागतें.