टर्मिनलची घरे आणि आपली बाराखडी

संगणकाचे काम करणाऱ्या तरुणांच्या टेबलावर एक काळा पडदा हटकून दिसतो. त्यावर चित्रे नसतात, बटणे नसतात. नुसती अक्षरे ओळीखाली ओळ उमटत जातात. त्याला टर्मिनल म्हणतात. हा जुन्या काळचा काही अवशेष असावा असे पाहणाऱ्यास वाटते, आणि ते अगदीच खोटे नाही. परंतु कामाचे कितीतरी प्रोग्राम आजही याच पडद्यावर चालतात. अशा प्रोग्रामाने आपले उत्तर रंगीत, नीटनेटके, चौकटीत बसवून कसे मांडावे हा आमचा विषय. विषय दिसायला सजावटीचा आहे. पण मराठीत सजावट करू जाताच आपल्या लिपीचा एक जुना प्रश्न पुढे उभा राहतो, आणि त्या प्रश्नाशी वर्ध्याचे नाते आहे. म्हणून तो येथे मांडणे आम्हांस अस्थानी वाटत नाही.

टर्मिनलचा पडदा म्हणजे आलेखाचा कागद समजावा. आडव्या ओळी चोवीस, प्रत्येक ओळीत घरे ऐंशी, असे त्याचे रूढ माप. हे ऐंशी आले कोठून? आयबीएम कंपनीने १९२८ साली काढलेल्या भोकांच्या कार्डात ऐंशी स्तंभ होते. कार्डे गेली, आकडा राहिला. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० या प्रसिद्ध टर्मिनलवरही ऐंशी घरेच होती. नियम एकच : एका घरात एक अक्षर. रंग हवा असेल तर मजकुरातच एक गुप्त खूण पेरतात. आधी एस्केप नावाचे न दिसणारे चिन्ह, मग डावा चौकोनी कंस, मग ३१ हा आकडा आणि शेवटी रोमन एम. एवढे आले की पुढची अक्षरे तांबडी होतात. ३१ च्या जागी शून्य घातले की पुन्हा साधी. हे शून्य विसरले, तर त्यापुढचा सगळा मजकूर तांबडाच राहतो.

अशा खुणा हाताने पेरत बसणे कंटाळवाणे असते. पायथन ही भाषा १९९१ साली लोकांपुढे आली, आणि तिच्यासाठी या कामाच्या तयार आज्ञावलींचे संग्रह निघाले. त्यांना लायब्ररी म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांतील 'रिच' ही आज बरीच नावाजलेली. स्कॉटलंडमधील विल मॅकगुगन यांनी ती २०२० च्या सुमारास पुढे आणली. तिला नुसते सांगायचे की हा स्तंभ, हे मथळे, ही ओळ. घरे मोजणे, रेघा ओढणे, रंग लावणे ती करते. 'फिगलेट' नावाचा १९९१ सालचा एक गमतीचा प्रोग्राम आहे. लहान अक्षरे रचून तो पडद्यावर मोठे अक्षर उभे करतो. त्याचेही पायथनमधले रूप मिळते. मात्र त्याच्या साच्यांची मूळ भरती रोमन अक्षरांची, फार तर सात जर्मन अक्षरे वर. त्याला 'वर्धा' लिहायला सांगून उपयोग नाही. त्याची रीत एका अक्षराच्या चित्राशेजारी दुसरे चित्र ठेवण्याची. आपली मात्रा डोक्यावर बसते, उकार पायाशी आणि पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी.

आता खरी अडचण पाहू. आपल्या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांचा तक्ता करावयाचा आहे असे धरा. पहिल्या स्तंभाला दहा घरे दिली आणि शब्द संपला की उरलेली घरे मोकळी सोडून उभी रेघ ओढण्यास पायथनला सांगितले. 'सेलू' हा शब्द आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचा. पायथनला लांबी विचारली तर ते चार सांगते : स, मात्रा, ल, दीर्घ उकार. 'समुद्रपूर' आपल्याला पाच, त्याला नऊ. 'वर्धा' आपल्याला दोन, त्याला पाच, कारण रफार त्याच्या दृष्टीने र आणि पाय मोडण्याची खूण अशी दोन चिन्हे. 'हिंगणघाट' पाच आणि आठ. पायथनचे काही चुकत नाही. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिला आहे, आणि ते क्रमांक मोजते.

पण पडदा क्रमांक मोजत नाही, घरे मोजतो. सामान्यतः तो मात्रा, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण यांना स्वतंत्र घर देत नाही. ती आधीच्या अक्षराच्या घरातच राहतात. काना आणि वेलांटी यांना काही पडदे घर देतात, काही देत नाहीत. देणाऱ्या पडद्यावर हिशेब करून पाहावा. सेलूची दोन घरे आणि पायथनने सोडलेली सहा मोकळी, मिळून आठ. समुद्रपूरची सहा आणि मोकळे एक, मिळून सात. वर्ध्याची चार आणि पाच, मिळून नऊ. तिन्ही ओळींतली उभी रेघ तीन ठिकाणी पडली! तक्त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते, आणि पाहणारा म्हणतो की मराठीला संगणक मानवत नाही.

रिचसारखी लायब्ररी येथे पायथनपेक्षा शहाणी आहे. तिच्याजवळ कोणत्या चिन्हाला किती घरे याची सारणी असते, आणि पुष्कळदा तक्ता त्यामुळे सरळ येतो. तरी सारणी लायब्ररीची, घरे टर्मिनलची. दोघांचे कान्याबद्दल मतभेद असले की रेघ पुन्हा वाकडी. म्हणजे येथे भांडण लिपीचे नसून दोन मोजणीदारांचे आहे.

हे भांडण संगणकाने आणलेले नाही. देवनागरी टंकयंत्र ज्यांनी चालविले आहे त्यांना आठवेल की उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा दाबल्या तर गाडा पुढे सरकत नसे आणि कान्याची कळ दाबली तर सरकत असे. युनिकोडने जागा घेणारी आणि जागा न घेणारी जोडचिन्हे असा जो भेद केला आहे, तो जवळजवळ हाच. छापखान्यातही तेच. रोमनला खिळ्यांची एक आटोपशीर पेटी पुरे. देवनागरीला जोडाक्षरांसह कित्येक शे खिळे लागत.

तेव्हा विचारी माणसांनी उलट्या बाजूने विचार केला : यंत्र बदलत नसेल तर अक्षर सुटसुटीत का करू नये? १९३५ साली इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनाने लिपिसुधारणेचा प्रश्न हाती घेतला, आणि त्यात काकासाहेब कालेलकर अग्रभागी होते. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुस्तकांत 'अ'ची बाराखडी आली : इ, ई, उ, ए यांऐवजी अि, अी, अु, अे. स्वरांचे वेगळे खिळे त्यामुळे वाचले. सावरकरही याच बाराखडीचे पुरस्कर्ते होते. पवनारच्या विनोबांनी आणखी पुढे जाऊन लोकनागरी सुचविली. तिच्यात जोडाक्षरे न जोडता पाय मोडून लिहीत. ही पुस्तके वाचताना आजच्या वाचकाला ठेच लागते, पण त्यांमागचा हिशेब पक्का होता. तो लोकांच्या अंगवळणी पडला नाही, याचे कारण आमच्या मते साधे आहे. यंत्रे थोड्यांच्या हाती होती आणि बाराखडी सर्वांच्या तोंडी.

यंत्राने अक्षराकडे यावे, ही वाटही महाराष्ट्रात चालून पाहिली गेली आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली, आणि कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट'चे काम तेथे वाढले. जिस्टचे कार्ड संगणकात बसविले की इंग्रजी अक्षरांसाठी केलेल्या डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. जोडाक्षर कसे घडवायचे हे कार्ड जाणत असे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती चिंता नव्हती. देवनागरी कोणीही न सुधारता, आहे तशी.

आज तसे कार्ड नाही, तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्याने काय करावे? एक सोपी सोय अशी की मराठी मजकुराचा स्तंभ शेवटी ठेवावा आणि उजवी उभी रेघ ओढूच नये. उभ्या रेघा नसलेले तक्त्यांचे साचे रिचमध्ये आहेत. आकडे डावीकडे, गावांची नावे उजवीकडे. कोणाला काही खटकत नाही.

नावेच आधी हवी असतील, तर आमची शिफारस निराळी. मोकळी घरे मोजून भरूच नयेत. शब्द छापून झाला की एस्केप, डावा चौकोनी कंस, २० हा आकडा आणि रोमन कॅपिटल जी एवढी खूण पाठवावी. तिचा अर्थ : याच ओळीत विसाव्या घरावर जा. आधीच्या शब्दाने किती घरे घेतली हे प्रोग्रामाने विचारण्याचे कारणच उरत नाही, कारण मोजणीदार आता एकटे टर्मिनल. शब्द विसाव्या घराच्या आत संपला की झाले. सेलू असो की समुद्रपूर, रेघ सरळ खाली उतरते. टंकयंत्रावर टॅबची कळ हेच करीत असे. टर्मिनललाही टॅब कळतो, दर आठ घरांवर त्याचा थांबा असतो, आणि लहान तक्त्याला तेवढे पुरते.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रोग्रामाचे उत्तर पडद्याऐवजी फाइलीत जात असेल, तर रिच रंगाच्या खुणा आपण होऊन गाळते, पण चौकटीच्या रेघा तशाच लिहिते. आपण हाताने घातलेली विसाव्या घराची खूण तर फाइलीत कचरा होऊन पडते. यासाठी उत्तर कोठे जात आहे हे पायथनला आधी विचारावे. ते एका ओळीत सांगते. पडदा असेल तर खुणा पाठवाव्यात, फाइल असेल तर दोन रकान्यांमध्ये नुसता टॅब ठेवावा.