मोठ्या अक्षराचा मान

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. तेव्हा स्तूपाच्या कठड्याच्या दगडी खांबांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. नाव असो की साधा शब्द, अक्षरांचे माप एकच. ब्राह्मीत लहान-मोठे अक्षर नव्हतेच. तिच्यातूनच निघालेल्या आपल्या देवनागरीतही ते नाही. म्हणून तर मराठी मुले इंग्रजी लिहिताना नेमकी इथे अडखळतात.

पुस्तकातला नियम सोपा दिसतो. वाक्याचा आरंभ, विशेषनाम, वार, महिने यांना मोठे अक्षर. ऋतूंना मात्र लहान. खरी गंमत पुढेच आहे. 'माझी आई' असे लिहिताना इंग्रजीत आईचे पहिले अक्षर लहान. तिलाच 'आई, इकडे ये' अशी हाक मारली की मोठे, कारण तिथे तो शब्द नावाच्या जागी बसला. पवनीत नदी म्हणजे वैनगंगाच, पण इंग्रजीत नुसती नदी लहान आणि वैनगंगा मोठी. 'मी' वाक्यात कुठेही येवो, तो मोठाच. 'तू' बिचारा लहान. (आपल्याकडे उलट, समोरच्याला 'आपण' म्हणून मोठे करायचे.) बँकेच्या अर्जात सगळेच मोठ्या अक्षरांत मागतात ते निव्वळ नीट वाचता यावे म्हणून, तिथे मानापमानाचा प्रश्न नसतो.

एरवी मात्र असतो. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी रूढ असलेला 'निग्रो' हा शब्द बहुतेक वर्तमानपत्रे लहान अक्षराने छापत. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्यासारख्यांनी मोठ्या अक्षराचा आग्रह धरला आणि १९३० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो मानला. पुढे तो शब्दच मागे पडला. २०२० साली 'असोसिएटेड प्रेस'ने 'ब्लॅक'ला मोठे अक्षर दिले.

याच डु बॉइस यांना १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले होते. १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवणारे बाबासाहेब इंग्रजी ग्रंथांत 'अनटचेबल्स' हा शब्द मोठ्या अक्षराने लिहीत. मूळचे ते हिणवणारे विशेषण. मोठ्या अक्षराने ते हक्क मागणाऱ्या समाजाचे नाव झाले. आज इंग्रजीत 'दलित' बहुधा मोठ्या 'डी'नेच छापतात. मुलाच्या वहीत तो लहान 'डी'ने आला, तर गुरुजींनी नुसती लाल रेघ ओढू नये, कारणही सांगावे.